रंगाखालचा गंज

'रिस्टोरेशन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वास्तविक कोशकारांचा. परंतु जुन्या जीपगाड्यांच्या संदर्भात या शब्दाला अलीकडे जो अर्थ चिकटू लागला आहे, तो पाहता हा प्रश्न नीतीचाही आहे असे म्हणावे लागते. पन्नास-साठ वर्षांची जीप घ्यायची, तिला लष्करी हिरवा रंग द्यायचा, जाडजूड टायर चढवायचे, वीतभर उंच उचलायची आणि 'जीर्णोद्धार केला' म्हणून मिरवायची, असा हा प्रघात आहे. आमचे म्हणणे असे की, ज्या जीपचा गंज कापून काढलेला नाही आणि जिचे पाटे सोडवून तपासलेले नाहीत, तिचा जीर्णोद्धार झालेलाच नाही. तिला रंग दिला आहे, एवढेच. हा फरक झाकून ठेवणे ही फसवणूक आहे. विकत घेणाऱ्याची, रस्त्यावरच्या माणसाची आणि त्या गाडीच्या इतिहासाचीही.

कोणत्या गाडीबद्दल बोलतो आहोत ते आधी स्पष्ट करू. विलीस कंपनीने १९५३ साली अमेरिकेत सीजे-थ्री-बी ही जीप आणली. नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. मुंबईत विलीस जीपची जुळणी करणाऱ्या महिंद्र कंपनीने हीच उंच बॉनेटची जीप पुढे कित्येक दशके बनवली. सरकारी कचेऱ्या, पोलीस ठाणी, वनखाते, शेतमळे अशा सर्व ठिकाणी ती राबली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात डांबर पोचण्यापूर्वी ही जीप पोचली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आज भंगारातून आणि गोठ्यांतून बाहेर निघते आहे ती बहुतांशी हीच.

आता गंजाचे पाहा. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शाळेत शिकवतात. पाण्यात मीठ असले की ही क्रिया झपाट्याने होते; म्हणून कोकणपट्टीत वापरलेली गाडी घाटावरच्या गाडीपेक्षा लवकर खंगते. परंतु शाळेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेले असतात, तिथे आत शिरलेला गंज फुगतो आणि पत्र्यांना एकमेकांपासून फाकवतो. बाहेरून दिसतो तो रंगाचा एक इवलासा फोड. जीपचा गंज प्रथम धरतो तोही अशाच न दिसणाऱ्या जागी: तळाच्या पत्र्याखालच्या पट्ट्यांत, बॉडी चासीवर टेकते त्या ठिकाणी, मागच्या आडव्या पट्टीत, आणि चिखल साचून राहतो अशा चासीच्या पोटात.

यावर बाजारात रूढ झालेला इलाज म्हणजे लांबी. भोक पडले की मागून जाळी किंवा पत्र्याचा तुकडा चिकटवायचा, वरून लांबी थापायची, पॉलिश पेपरने घासायचे आणि रंग मारायचा. पण लांबी पाणी शोषते. खाली शिल्लक राहिलेल्या गंजाला ती ओलावा पुरवते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत फोड पुन्हा वर येतो, पहिल्यापेक्षा मोठा. खरा इलाज कंटाळवाणा आहे. गंजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायचा, तेवढ्याच जाडीचा पत्रा बेतून बसवायचा, पत्रा तापून वाकू नये म्हणून थोडे थोडे अंतर सोडून वेल्डिंग करायचे, जस्तयुक्त प्रायमर द्यायचा, बंद पोकळ्यांत मेण किंवा तेल सोडायचे, पाणी निघून जाण्याची मूळ भोके उघडी ठेवायची. चासीचे काम तर अधिकच जोखमीचे. तिच्यावर उभी सरळ रेघ ओढून जोड दिला, तर त्याच रेघेवर ती पुढे तडकण्याचा धोका असतो. हे सारे काम झाल्यावर बाहेरून दिसत काहीच नाही. म्हणूनच त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतो.

गंजाची खरी परीक्षा पाट्यांपाशी होते. जीपला चारही चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी असतात. रस्त्याचा प्रत्येक धक्का चाकातून आसात, आसातून पाट्यात आणि पाट्यातून शॅकल व हँगरमार्गे चासीत उतरतो. म्हणजे गंजाने पोखरलेली चासी आणि धक्का वाहून आणणारा पाटा यांची गाठ नेमकी हँगरच्या जागी पडते. एक दुरुस्त केला आणि दुसरा तसाच ठेवला, तर केलेली दुरुस्तीही वाया जाते. पाट्यांच्या मधेही गंज धरतो. मग पाने एकमेकांवर सरकेनाशी होतात आणि कमान आखडते. खालच्या पानाचे टोक वरच्या पानाला घासून खाच पाडते, आणि एके दिवशी तिथूनच पाटा तुटतो. पाटे सोडवणे, पान न् पान घासून चिरा पाहणे, कमान उतरली असेल तर ती पुन्हा भरणे, बुश आणि यू-बोल्ट बदलणे हे काम जाणकार कमानवाल्याचे. गॅसच्या ज्योतीवर पान लाल करून वाकवणारा त्या पोलादाचे पाणीच घालवतो.

आणि आमचे हौशी काय करतात? बसलेल्या कमानीत दोन पाने जास्तीची घालतात, किंवा लांब शॅकल लावून गाडी उंच करतात. जास्तीच्या पानांनी कमान इतकी ताठ होते की, पाट्याने सोसायचा धक्का चासीलाच सोसावा लागतो. लांब शॅकलने पुढच्या चाकांचा कोन बदलतो, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो, ब्रेकचे पाइप ताणले जातात. दोन आसांत जेमतेम ८० इंचांचे अंतर असलेली ही आखूड गाडी उंच केली की, वळणावर उलटण्याचा धोका वाढतो हे सांगायला अभियंता लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलांशी विसंगत फेरबदलांना मज्जाव करते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली आलेले नियमही चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावे अशीच अपेक्षा धरतात. पण लांबीखाली काय आहे हे कायद्याला दिसत नाही. तिथे भिस्त माणसाच्या सचोटीवरच.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: जीप ही काही संग्रहालयातली वस्तू नव्हे, ती नेहमीच बदलत आली, पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवणे तर आपल्याकडे घरोघर झाले, मग शुद्धतेचा आग्रह कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातले तथ्य आम्हाला मान्य आहे. शेतकऱ्याने परवडत नाही म्हणून बसवलेले डिझेल इंजिन हाही त्या जीपच्या चरित्राचाच भाग आहे. ते उपटून कारखान्यातला पहिला दिवस परत आणण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. पण तो बदल गरजेपोटी झाला होता आणि उघड होता. बॉनेट उचलले की दिसत होता. लांबी मात्र असते तीच दिसू नये म्हणून. आमचा विरोध बदलाला नसून लपवणुकीला आहे.

आम्ही मराठीचे अध्यापक. पाठचिकित्सा शिकवताना एकनाथांचे उदाहरण देतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शिरलेले अपपाठ काढले, आणि पुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घुसडू नये असेही बजावले. मूळ कोणते आणि मागाहूनचे कोणते, हा विवेक जीर्णोद्धाराचा प्राण आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तुरीन सनदेत हाच विवेक आहे: नवा भाग घालावा लागलाच, तर त्यावर सहज ओळखू येईल अशी टिकाऊ खूण करावी. आमच्याकडे नेमके उलटे चालते. जोड दिसला नाही, यातच कौशल्य मानले जाते.

'पैसा आमचा, गाडी आमची, तुमचे काय जाते?' असेही विचारले जाईल. गाडी तुमची, पण रस्ता सर्वांचा आहे. हँगर सुटलेली जीप घाटात समोरून येणाऱ्याला मालकी हक्क विचारत नाही. शिवाय अशा झिलईला दाद देऊन आपण एक विद्या बुडवतो आहोत. चिरलेले पान घणाच्या नादावरून ओळखणारा कमानवाला आणि हाताने पत्रा बेतणारा कारागीर दिवसभराच्या मजुरीसाठी घासाघीस सोसतो, तर रंगाला आणि टायरांना लाखभर रुपये बिनतक्रार मोजले जातात. या कारागिरांची मुले हे काम शिकली नाहीत, तर त्याचे दोषी कोण?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जीपचा जीर्णोद्धार केला म्हणणाऱ्याने रंगापूर्वीच्या उघड्या चासीची छायाचित्रे दाखवावीत. कुठे कापले, कुठे जोडले, कोणते पान बदलले याची नोंद ठेवावी आणि गाडी विकताना ती कागदपत्रांसोबत द्यावी. मेळाव्यांत बक्षीस देणाऱ्यांनी गाडी आधी खड्ड्यावर घेऊन खालून पाहावी, बॉनेटची चकाकी मग. विकत घेणाऱ्याने खिशात एक लोहचुंबक आणि हातात एक टोच्या ठेवावा. जाड लांबीवर चुंबक धरत नाही, आणि कुजलेल्या चासीत टोच्या सहज घुसतो. एवढे तपासू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नये.