पावलं मोजता, पण चालता कसे?

‘डॉक्टर, रोज दहा हजार पावलं चालतो, तरी मान-कंबर दुखतेच!’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: चालता कसे?

दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विक्रीसाठीचा हा आकडा आपण पथ्यासारखा पाळत बसलो!

डोक्याचं वजन साधारण पाच किलो. मोबाइलमध्ये मान घालून चाललात, की ते ओझं मानेचे स्नायू सतत तोलून धरतात. उलट, परेडसारखी छाती काढून चाललात तर कंबर आवळते. दोन्ही नको. नजर समोर, खांदे सैल, हात मोकळे. आधी टाच टेकवा, मग तळवा, शेवटी बोटांनी जमीन मागे रेटा.

आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ‘चाला’ हा सल्ला सरसकट देणं तर अन्यायच. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, भरली ओटी घेऊन शेत पालथं घालणाऱ्या बाईला ‘आणखी चाला’ सांगणं हा उपचार नव्हे. ओटी जड होण्याआधी रिकामी करायची आणि अधूनमधून पाठ सरळ करायची सवड तिला हवी. ती शेतमालकानं द्यायला हवी.

चालताना पाय बधिर होत असतील किंवा कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर पावलं वाढवू नका. आधी तपासून घ्या.