पूल झाला की आधी कुत्रं जाईल, मग पर्यटक

नवेगावबांधच्या तलावाचे ड्रोन व्हिडिओ दर हिवाळ्यात नव्याने फिरतात. सात टेकड्यांच्या कुशीत पसरलेलं सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी आणि मध्ये झाडीने भरलेलं मालडोंगरीचं बेट. खाली कमेंट्स ठरलेल्या. "इथे झुलता पूल पाहिजे." "बेटावर रिसॉर्ट झालं तर तालुक्याचं सोनं होईल." "सरकार झोपलंय का?"

भाऊ, या बेटाच्या बाबतीत सरकार झोपलेलंच बरं.

कारण अशा बेटाकडे भांडवल एकच असतं: तिथे पायी जाता येत नाही. पाणकावळे, बगळे थव्याने घरटी करतात ती अशाच जागी, जिथे कोल्हं, मोकाट कुत्रं आणि दगड मारणारी पोरं सहज पोहोचत नाहीत. त्यांची विष्ठा पाण्यात पडते, त्याचं खत होतं, त्यावर मासळी पोसते. झाडांची मुळं माती धरून ठेवतात. झाडी काढा, लाटा काठ खायला लागतील.

आता पूल बांधा. पहिल्या रात्री कुत्रं पलीकडे जाईल. दुसऱ्या दिवशी भजी-चहाची टपरी. मग दिवे, कारण "सुशोभीकरण" दिव्यांशिवाय होत नाही, आणि दिव्यांत पाखरू मुक्कामाला राहत नाही. मग संडास. त्याचं पाणी जिरणार कुठे? चारी बाजूंनी तलाव! त्याच तलावात आपले ढिवर बांधव जाळं टाकतात, त्याच पाण्यावर धान उभा राहतो.

हा तलाव १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देव केलं. ना कोनशिला, ना फीत कापणं. तीनशे वर्षं उलटली तरी काम उभं आहे. आपल्या काळातलं असं एक तरी काम दाखवा.

"कायदा आहे ना, काळजी कशाला?" असं एकाने मला विचारलं. कायदा वाचा. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करू देत नाहीत. पण सिंचनासाठी माणसाने बांधलेली तळी त्याच नियमांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी शेतीसाठी तलाव खोदला, हाच उद्या कुणाच्या तरी हातात पळवाटेचा कागद होऊ शकतो. जंगलाचे कायदे वेगळे, पण त्यांतूनही परवानग्या निघतात. बातमीदारीत एवढं तरी पाहिलंय.

राहिला रोजगार. हा प्रश्न खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. आपली पोरं नागपूर-पुण्याला जातात, कुणाला आवडतं? पण पुलाचा ठेकेदार बाहेरचा, रिसॉर्टचा मालक बाहेरचा, आपल्या पोराला मिळणार पार्किंगची पावती फाडायचं काम. पर्यटनाच्या नावाखाली बांधलेल्या आणि आज कुलूप लावून गवतात पडलेल्या इमारती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. मारुती चितमपल्लींच्या 'नवेगावबांधचे दिवस'ने या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं, ते इथल्या जंगलामुळे आणि पाखरांमुळे. काँक्रीट बघायला नवेगावला कोण येईल? ते नागपुरातच भरपूर आहे.

मग करायचं काय? बेटावर पाय न ठेवता बेट दाखवायचं. काठावर चांगल्या दुर्बिणी, गावातलीच पोरं गाईड, नावा मासेमार सोसायटीच्या. घरट्यांच्या दिवसांत नाव लांबूनच फिरवायची. खर्च पुलाच्या तुलनेत किरकोळ आणि पैसा गावात राहतो. तोटा एकच: कमिशन खायला जागा उरत नाही. म्हणूनच असे प्रस्ताव कुणी मांडत नाही.

येत्या ग्रामसभेत हात वर करून एवढा एक ठराव मागा: मालडोंगरीवर पूल नको, पक्कं बांधकाम नको. इतिवृत्तात नोंद झाली की नाही ते स्वतः वाचा, नक्कल घ्या. उद्या कुणी नकाशा घेऊन आलं तर समोर ठेवायला आपल्याकडे कागद पाहिजे.

व्हिडिओ शेअर करायला हरकत नाही. फक्त खाली "पूल पाहिजे" लिहिण्याआधी त्यावरून आधी कोण जाणार, तेवढं आठवा.