खर्ज, भिंत आणि नानांची खुर्ची

यंदा नवरात्र सरता सरता आमच्या घरात एक पेच उभा राहिला. ‘उभा राहिला’ हे आम्ही केवळ रूढीने लिहीत नाही. पेच खरोखरच उभा होता. साडेतीन फूट उंचीचा, काळ्या रंगाचा, आणि एक सोडून दोन जोड्यांचा. जमिनीवर उभे राहणारे, ज्यांना दुकानदार ‘टॉवर’ म्हणतात, असे स्पीकर घरी घ्यावयाचे ठरले होते आणि दोन जोड्यांपैकी कोणती ठेवावी याचा निर्णय आमच्यावर सोपविण्यात आला होता. शाळेची घंटा पितळेची ठेवावी की विजेची, हे ठरविण्यास ज्या मुख्याध्यापकाला दोन सत्रे लागली, त्याच्यावर ही जबाबदारी यावी, हे त्या स्पीकरांचेही दुर्दैवच म्हणावयाचे.

हे सारे आरंभिले आमच्या तीर्थरूपांसाठी. नानांचे वय आता पंच्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हापासून वॉकर धरून दिवाणखान्यातील खाट ते न्हाणीघर एवढेच त्यांचे जग उरले आहे. ज्यांनी हे इंदूर शहर मैफलींच्या पत्त्यांवरून ओळखले, त्यांच्या वाट्याला हे यावे! उस्ताद अमीर खाँ यांचे वास्तव्य याच शहरातले. त्यांचे गाणे नानांनी तरुणपणी समोर बसून ऐकले. खाँसाहेब १९७४ मध्ये कलकत्त्यास मोटार अपघातात गेले, ती बातमी आली त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असे आई सांगत असे.

नानांचा एक रेकॉर्ड-प्लेयर होता. टपाल खात्यातील कारकुनाच्या पगारात तो कसा घेतला गेला, हे आम्हांस कधी कळले नाही. पण तो कसा गेला, हे कळले. १९९२ साली आम्ही एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सुटीत घरी आलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. नाना म्हणाले, “सुई मिळत नाही आता त्याची. देऊन टाकला.” आमच्या परीक्षेचे शुल्क त्याच आठवड्यात भरले गेले होते, हे दोन गोष्टींचे नाते आम्हांस फार उशिरा, आईच्या बोलण्यातून उमगले. तोवर त्याबद्दल बोलण्याची वेळ निघून गेली होती. पितापुत्रांमध्ये अशा गोष्टी बोलण्याची प्रथा आमच्या घरात नाहीच.

यंदा पोस्टातील एक मुदत ठेव पूर्ण झाली. भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या छिद्राला कान लावून मारवा ऐकणारे नाना आम्ही रोज पाहत होतो. मनाने घेतले की आता व्हावे ते थोरच व्हावे.

आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक या विषयातले दर्दी. मधल्या सुटीत त्यांनी आमची शिकवणी घेतली. कागदी शंकू, त्यामागे तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक, ही आजच्या स्पीकरची मूळ रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडली. शंभर वर्षे लोटली तरी गाभा तोच आहे. शंकू पुढे ढकलतो तितकीच हवा मागे ओढतो, म्हणून पुढचा व मागचा खालचा आवाज एकमेकांस खाऊन टाकतो. ते टाळण्यासाठी पेटी लागते. आणि पेटीच्या बाबतीत निसर्गाचा एक कठोर व्यवहार आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज, या तिहींपैकी कोणतेही दोनच मिळतात. उभ्या स्पीकरची पेटी मोठी असते ती याच कारणाने. लहान स्पीकर घेतला तरी त्याला कानाच्या उंचीवर आणण्यास तिवई लागतेच, म्हणजे जमीन दोघेही सारखीच अडवितात. मग उभाच का घेऊ नये? हा युक्तिवाद आम्हांस पटला.

दुकानात दोन जोड्या पुढे आल्या. पहिली भारदस्त, प्रत्येक पेटीत आठ-आठ इंचांचे दोन शंकू खर्जासाठी, मधल्या स्वरांसाठी निराळा, वरच्यांसाठी निराळा, किंमत एक लाख बारा हजार. दुसरी सडपातळ, साडेसहा इंचांचा एक शंकू आणि वर एक छोटा घुमटाकार, किंमत शेहेचाळीस हजार तीनशे. दुकानदाराने कसलेसे धडधडणारे गीत लावले आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, “साहब, सोफा हिल जाएगा!” सोफा हलला, हे मान्य केले पाहिजे. त्याबरोबर आमचे मनही हलले. पहिल्या जोडीपुढे दुसरी अगदीच मिणमिणती वाटली.

येथे विज्ञानशिक्षक कामास आले. त्यांनी दोन्हींच्या मागची माहिती वाचून दाखविली. पहिलीची संवेदनक्षमता नव्वद डेसिबल, दुसरीची सत्त्याऐंशी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढण्यास दुसरीला दुप्पट शक्ती लागणार. बटण एकाच जागी ठेवून दोन्ही वाजविल्या तर पहिली मोठ्याने वाजते, आणि कानाचा स्वभाव असा की जे किंचित मोठे ते त्याला अधिक चांगले वाटते. “सर, परीक्षा घ्यायची तर दोघांना सारखा पेपर द्यायला हवा,” ते म्हणाले. मग दुसरीचा आवाज वाढवून दोन्ही समान पातळीवर आणल्या, आणि दुकानाचे गीत बंद करून आम्ही नेलेला अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला. अंतर बरेच कमी झाले. तरीही आमचे मन पहिलीकडेच होते. खाँसाहेबांचा आवाज मंद्रात उतरतो, तेव्हा त्या आठ इंची शंकूंतून जे गांभीर्य येई, ते दुसरीत तितके नव्हते. अनामत ठेवून दुकानदाराने दोन्ही जोड्या दोन दिवसांसाठी घरी दिल्या, हा त्याचा चांगुलपणा.

घरी पहिली जोडी दिवाणखान्याच्या भिंतीला लावून, कोपऱ्यांत उभी केली. चिरंजीवांनी आपला जुना ॲम्प्लिफायर जोडून दिला. समोरच्या भिंतीला टेकून नानांची खाट. मारवा सुरू झाला आणि क्षणभरातच नानांनी हात वर केला. “अरे, हे काय? खोलीत बैलगाडी शिरल्यासारखं वाटतंय.” खर्जातला एकच स्वर असा घुमे की बाकीचे सारे त्याखाली चिरडून जाई. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, “अहो, फडताळातली भांडी बोलायला लागलीत.”

कारण गणिताचे निघाले. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, त्याचा मंद्र षड्ज, म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार, त्याच्या निम्मी, सुमारे सत्तर हर्ट्झ. आपल्याकडील उबदार हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. तेव्हा सत्तर हर्ट्झच्या लहरीची लांबी पाच मीटरांना थोडी कमी, म्हणजे सोळा फूट. आमच्या दिवाणखान्याची लांबीही सोळा फूट! खोली आणि खर्ज यांचे असे संगनमत झाले की तो स्वर भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यभागी फुगतो, आणि दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर जवळजवळ विरतो. नानांचे डोके नेमके भिंतीपाशी. त्यातून स्पीकरही भिंतीला चिकटलेले, आणि भिंतीशी ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज वाढतो हा साधा नियम आहे. ज्याचा खर्ज मुळातच अधिक, त्याचा उपद्रवही अधिक.

उपाय दोन होते. पहिला, नानांनी उशी खाटेच्या दुसऱ्या टोकास घ्यावी. तो त्यांनी तत्काळ फेटाळला. “पाय दक्षिणेकडे होतात. अजून ती वेळ आलेली नाही.” म्हणून आरामखुर्ची भिंतीपासून चार फुटांवर आणून त्यांना तीत बसविले. दुसरा उपाय, स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढणे. दोन्ही केले आणि चमत्कार झाला. बैलगाडी निघून गेली, गाणे उरले. पहिली जोडी खरोखरच उत्तम होती, हे येथे नमूद केलेच पाहिजे. आम्ही विजयी मुद्रेने नानांकडे पाहिले.

नाना उठले. वॉकर पुढे सरकविला, आणि थांबले. न्हाणीघराकडे जाणारी वाट आमच्या एक लाख बारा हजारांनी अडविली होती.

त्या क्षणी आम्हांस जे वाटले ते सांगणे कठीण आहे. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची दिवसातून आठ वेळा लागणारी वाट आमच्या हिशेबात कोठेच नव्हती. नाना मात्र काही न बोलता वॉकर तिरका करून निघण्याचा प्रयत्न करू लागले. आम्ही घाईने एक स्पीकर मागे ढकलला.

दुसऱ्या दिवशी सडपातळ जोडी लावली. तिचा खर्ज मुळात आवरलेला. भिंतीपासून फूटभर अंतर तिला पुरले आणि वाट मोकळी राहिली. नानांना डोळे मिटावयास सांगून आम्ही मारवा लावला, मग एक जुने नाट्यपद, मग आकाशवाणीवरील एक भाषण. नाना बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “यात बोल कळतात.”

हेही नंतर उलगडले. वय वाढते तसे कान प्रथम वरचे स्वर गमावतो, आणि स, श, त, क अशा व्यंजनांची ओळख त्या वरच्या भागातच असते. त्यावर जाड खर्ज पसरला की उरलेसुरले बोलही झाकले जातात. आणि तंबोऱ्याचे काय, ही आमची शंकाही नानांनीच फेडली. तरुणपणी ते गणेशोत्सवातल्या मैफलींत गायकामागे तंबोरा घेऊन बसत. “तंबोऱ्याचा जीव खर्जात नसतो रे, जवारीत असतो,” ते म्हणाले. विज्ञानशिक्षकांनी यास दुजोरा दिला. जवारीमुळे तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या स्वरांची रांग उठते, आणि मूळ स्वर क्षीण असला तरी त्या रांगेवरून आपले मन तो भरून काढते. जुन्या खिशातल्या ट्रान्झिस्टरवरही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे, तो यामुळेच.

मोठी जोडी परत गेली. ती जाताना पाहून हळहळ वाटली, आणि त्या हळहळीने आम्हांस आमचेच एक गुपित सांगितले: ती जोडी नानांसाठी कमी आणि आमच्यासाठी अधिक होती. १९९२ सालच्या त्या रिकाम्या कोनाड्याची भरपाई तितक्याच मोठ्या वस्तूने व्हावी, पाहुण्यांनी ती पाहावी, असा आमचा हिशेब होता. नानांना हवा होता तो मारवा, आणि जावयास मोकळी वाट.

त्या संध्याकाळी नानांनी विचारले, “किती पडले?”

“पंचवीस हजार,” आम्ही म्हणालो.

नाना हसले. “मास्तर असून तुला खोटं नीट बोलता येत नाही. खोटं बोलायचं तर आकडा सुटा सांगावा. चोवीस हजार सातशे म्हणाला असतास तर मी गप्प बसलो असतो.” मग थोडे थांबून, स्पीकरकडे पाहतच ते म्हणाले, “मी तुला सुई मिळत नाही म्हणून सांगितलं होतं. सुया राजवाड्यासमोर पाहिजे तितक्या मिळत होत्या.”

तेहतीस-चौतीस वर्षांनी हे वाक्य आमच्या घरात उच्चारले गेले. उत्तर सुचेना, म्हणून आम्ही उठून आवाजाचे बटण उगाच किंचित फिरविले आणि पुन्हा होते तेथे आणून ठेवले.

वाचकांपैकी कोणी अशा खरेदीस निघाले असतील, तर आमच्या अनुभवाचे सार एवढेच. प्रथम खोली मोजावी, मग खिसा. ऐकावयास आपल्या नित्याच्या ऐकण्यातले गाणे न्यावे, दोन्ही जोड्यांचा आवाज समान करून घ्यावा, आणि शक्य तर घरी आणून पाहाव्यात. भिंतीपासूनचे अंतर आणि बसण्याची जागा बदलून पाहण्यास पैसे पडत नाहीत. लाख रुपयांच्या फरकाएवढा फरक पुष्कळदा तेथेच सापडतो. आणि ज्याने ऐकावयाचे, त्याला आधी विचारावे. आम्ही ते शेवटी केले.

स्पीकर आणि खुर्ची यांच्या जागा हलू नयेत म्हणून आम्ही शाळेतल्या खडूने फरशीवर खुणा करून ठेवल्या आहेत. सौभाग्यवती केर काढताना त्या रोज पुसतात, आणि आम्ही रोज संध्याकाळी, मारव्याच्या वेळेआधी, त्या पुन्हा काढतो. परवा आम्हांस शाळेतून यावयास उशीर झाला. घरी पोहोचलो तो गाणे सुरू होते. नाना खुर्चीत, डोळे मिटून. फरशीवर खडूच्या खुणा होत्या. जरा वाकड्या, पण जागच्या जागी.