भटाला दिली ओसरी

‘एक्सपॅट’ हा शब्द अलीकडे आमच्या मराठी घरांत फार कौतुकाने उच्चारला जातो. कुणाची मुलगी मिलानला नोकरीला, कुणाचा भाचा बोलोन्याला पीएचडीला, ते एक्सपॅट. जांजगीरचा गवंडी पुण्यात इमारत बांधायला गेला, तो मात्र परप्रांतीय. गाव दोघांनीही पोटासाठीच सोडलं. फरक इतकाच, की गवंड्याला मोडकीतोडकी का होईना, मराठी शिकावी लागते, कारण त्याशिवाय मजुरी मागता येत नाही. एक्सपॅटला पाच वर्षांनीही इटालियन येत नाही, कारण त्यावाचून त्याचं काही अडत नाही. स्थानिक भाषा न शिकण्याची चैन ज्याला परवडते तो एक्सपॅट, अशी माझी व्याख्या आहे.

बोलोन्याहून फोटो येतात ते तिथल्या कमानीदार ओसऱ्यांचे. सगळ्या मिळून साठ किलोमीटरांहून लांब; त्यांतल्या निवडक २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. शहर वाढलं, परगावचे विद्यार्थी आले, वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे सरकल्या आणि खाली ओसरी तयार झाली. १२८८ मध्ये शहराने नियमच केला, की नवं घर बांधणाऱ्याने पुढे ओसरी काढलीच पाहिजे. जागा मालकाची, वाट मात्र सगळ्यांची. उपऱ्याला डोक्यावर छप्पर देणारं हे गाव. त्या छपराखाली उभं राहून फोटो काढायचे आणि शेजारच्या आजीबाईंशी ‘बुओनजोर्नो’च्या पुढे एक वाक्य बोलता येऊ नये, याला मी परदेशात राहणं म्हणत नाही. तो लांबलेला मुक्काम झाला.

“आम्ही तीनच वर्षांसाठी आलोय,” असं उत्तर मिळतं. पण तीन वर्षं त्या गावचं पाणी, रस्ते आणि दवाखाने वापरायचेच ना? इटलीत नागरिकत्व मागणाऱ्याला २०१८पासून साधारणपणे बी-१ पातळीचं इटालियन येत असल्याचं दाखवावं लागतं. हे ऐकून जे नातेवाईक हळहळतात, तेच पुण्यात रिक्षावाल्याला मराठी आलंच पाहिजे म्हणून तावातावाने बोलतात. मागणी दोन्हीकडे रास्त आहे. आपल्यापुरती सूट मागणं तेवढं रास्त नाही.

आणि इटलीपर्यंत कशाला जायचं? मी राहते रायपूरच्या तेलीबांध्यात. इथल्या तलावाकाठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात, इतकी मुंबई इथवर पोचली आहे. मराठी माणूस तर त्याच्याही कितीतरी आधी पोचला. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला राज्य करू लागले, आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा करेपर्यंत छत्तीसगढ भोसल्यांच्या छायेत होतं. त्यांच्यामागून कारकून आले, भटजी, वकील, मास्तर आले. पिढ्या उलटल्या. गणपती बसतो, नाटकं होतात, हळदीकुंकू होतं. पण भाजीवाली “का लेबे दाई?” म्हणून विचारते तेव्हा आमच्या बहुतेक घरांतून उत्तर हिंदीत जातं. छत्तीसगढी २००७ मध्ये या राज्याची राजभाषा झाली. आमच्या स्वयंपाकघरांत ती अजून कामवालीचीच भाषा आहे. बृहन्महाराष्ट्र म्हणून आपण मिरवतो, त्यातलं हे बृहत्पण कुठलं?

मग मराठी टिकायची कशी, असा धाक घातला जातो. त्याला रायपुरातच उत्तर आहे. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं, तेही हिंदीत. पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. १९२६ मध्ये ते याच शहरात वारले. त्यांची मराठी बुडाली नाही. ती पक्की होती म्हणूनच हे अनुवाद झाले, आणि दुसरी भाषा मनापासून आपली केली म्हणून ते लोकांपर्यंत गेले. मराठी बुडते ती मुलांशी घरात इंग्रजी बोलल्याने. शेजाऱ्याशी छत्तीसगढी किंवा इटालियन बोलून ती बुडत नाही.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवून वापरतो. बोलोन्यात काय आणि रायपुरात काय, तो भट आपणच आहोत. ज्याच्या ओसरीवर बसलो, त्याच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलावेत. मग खुशाल हातपाय पसरावेत.