आवडला, पण...

मराठी सिनेमा बघून आल्यावर ‘कसा होता?’ या प्रश्नाला हल्ली दोनच उत्तरं चालतात. ‘अप्रतिम, चुकवू नका’ हे एक, आणि दुसरं म्हणजे गप्प बसणं. मधलं काही बोललं की समोरचा हमखास म्हणतो, “अहो, आपणच आपल्या सिनेमाला नावं ठेवली तर कसं व्हायचं?” जणू मराठी सिनेमा हा आजारी नातेवाईक आहे आणि आपण संत्री घेऊन भेटायला गेलोय, तिथे ‘बराच उतरलास रे’ असं म्हणायचं नसतं. मला ते जमत नाही. 2025 मध्ये आलेले काही मराठी सिनेमे थेटरात पाहिले, हुकलेले घरी बसून. त्यातला एकही अथपासून इतिपर्यंत आवडला नाही, पण एकाचेही पैसे वाया गेले असं वाटलं नाही.

‘दशावतार’चंच घ्या. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा 12 सप्टेंबरला लागला आणि थेटर भरलेलं बघून आधी बरं वाटलं. मागच्या रांगेत कुडाळकडची मंडळी होती. पडद्यावर बाबुली मेस्त्री तोंडाला रंग लावायला बसला, तसे त्यांच्यातले आजोबा शेजारच्या नातवाला हळूच सांगायला लागले, “रंगपटात असेच बसतत.” आजोबांना माहीत होतं, कारण दशावतारात नट आपला रंग आपणच करतो. संवादही कुणी लिहून देत नाही. आख्यान ठरतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. हे जग आणि त्यातला नजर अधू होत चाललेला म्हातारा नट जोवर पडद्यावर आहे, तोवर सिनेमा बघतच राहावा असा आहे. बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा 81 वर्षांचे होते. ‘हसवाफसवी’त एकट्याने सहा माणसं उभी करणाऱ्या या नटाला सोंगांची काय नवलाई! पण इथे सोंगाखालचा बाप त्यांनी फार हळुवार धरलाय. सिद्धार्थ मेनन मुलगा आहे. ‘बाबा, आता पुरे करा’ म्हणणारा मुलगा आणि ते कानाआड करणारा बाप यांच्यातली कुरबुर मला सबंध सिनेमाभर चालली असती.

ती चालत नाही. मध्यंतरानंतर खाण, जंगल, सूड आणि महेश मांजरेकरांचा पोलीस अधिकारी असा वेगळाच सिनेमा सुरू होतो. विषयाबद्दल तक्रार नाही. सिंधुदुर्गात खाणींचा प्रश्न खराच आहे. तक्रार खलनायकांबद्दल आहे. दशावतारातला संकासुर वेद चोरतो, पण जत्रेत पोरंटोरं त्याचीच वाट बघत असतात, कारण तो प्रेक्षकांशी गप्पा मारतो, टवाळक्या करतो, हसवतो. दुष्टालाही रंगत द्यायची हे ज्या कलेला इतकं पक्कं ठाऊक, तिच्यावरच्या सिनेमात खलनायक मात्र पुठ्ठ्याचे. वर पार्श्वसंगीत असं कोसळतं की आता राग यायला हवा हे आपल्याला बजावून सांगितलं जातं.

पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आला. यात पार्श्वसंगीतच नाही. सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आलेला रोहन कानवडेंचा हा सिनेमा. आमच्या शोला इतकी कमी माणसं होती की कुणी खोकलं तरी सगळ्यांनी वळून बघावं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, घरभर नातेवाईक, आणि त्यातही प्रत्येकाला त्याच्या लग्नाची घाई. लहानपणीचा मित्र बाळ्या गावातच आहे, आणि या दोघांचं एकमेकांवर असलेलं प्रेम त्या गर्दीतच जागा शोधतं. कुठे आरडाओरडा नाही, की ‘लोक काय म्हणतील’वरचं भाषण नाही. आनंदचं खरं काय ते आईला माहीत आहे, आणि नातेवाइकांपुढे ती ज्या सहजपणे वेळ मारून नेते, तशा आया आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जयश्री जगताप यांनी ही आई अशी केलीय की त्यांना अभिनय करताना आपण बघतोय हे लक्षातच राहत नाही. एक गोष्ट मात्र खटकली. आनंदची मुंबई फार पुसट आहे. तिथे त्याचं काय होतं, तो कसा जगत होता, हे कळलं असतं तर दहाव्यानंतरच्या निर्णयाचं वजन वाढलं असतं. काही दृश्यं गरजेपेक्षा जास्त रेंगाळतात. हे म्हटल्यावर एका मित्राने मला ‘तुला फेस्टिव्हलचे सिनेमे कळत नाहीत’ असं ऐकवलं. असेल.

‘आता थांबायचं नाय’ बघताना मी रडले आणि रडता रडता वैतागले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांनी रात्रशाळेत जाऊन दहावी करायची, ही घडलेली गोष्ट मुळातच इतकी भक्कम आहे की तिला टेकू द्यायचं कारण नव्हतं. शिवराज वायचळ तरीही देतात. प्रत्येकाच्या घरची अडचण पाळीपाळीने येते आणि पाळीपाळीने सुटते. दोन्ही जाधव, भरत आणि सिद्धार्थ, छान आहेत. पण मला खिळवलं ते मास्तर झालेल्या ओम भूतकरने.

जयंत सोमलकरांच्या ‘स्थळ’वरून मात्र आमच्या गटात भांडण झालं. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, बी.ए. करणारी सविता आणि तिला बघायला येणारी माणसं. नाव, शिक्षण, उंची, छंद. प्रश्न तेच, पाहुणे नवे. “तेच तेच दाखवलंय,” ही मैत्रिणीची तक्रार. बाई गं, तेच तर दाखवायचंय! तिसऱ्यांदा पोहे आले की आपल्याला कंटाळा येतो, तर ज्या मुलीला पुन्हा साडी नेसून त्या पुरुषांपुढे बसायचंय तिचं काय होत असेल? नंदिनी चिकटेचा चेहरा दर वेळी थोडासा अधिक बंद होत जातो, आणि ती कॅमेऱ्यापुढची मुरलेली नटी नाही हे खरं वाटत नाही. माझं भांडण फक्त वर्गात महिला सक्षमीकरण शिकवणाऱ्या सरांशी आहे. त्यातला उपरोध पहिल्याच तासाला कळतो. पुढे त्याच्याखाली रेघा ओढत बसायची गरज नव्हती.

राहिला ‘जारण’. अमृता सुभाषसाठी जरूर बघा. शेवटाबद्दल आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.