सायलेन्सर बदलला, आता ट्यूनिंग करायचं का?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. दिवाळीत घरी सगळे जमले तेव्हा एका विषयावरून एवढा वाद झाला, की "एकदा नीट लिहूनच काढतो" असं कबूल करून बसलो. तर हे ते लिखाण. (नातेवाइकांनी शेवटपर्यंत वाचावं, अर्ध्यावर सोडून फोन करू नये!)

आमचं गाव खंडाळा. गाण्यातलं, लोणावळ्याशेजारचं नव्हे. सातारा जिल्ह्यातलं, शिरवळच्या पुढे, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. शनिवार-रविवारी पहाटेपासून पुण्याकडून मोटारसायकलींचे जथे येतात, घाट चढतात आणि वाई-महाबळेश्वरकडे निघून जातात. त्यांचा आवाज गावातच राहतो. आमच्या भाच्याला त्या आवाजाचंच वेड लागलं.

गाडी ३५० सीसीची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली. आईच्या भिशीचे पैसे आले, त्यातून साहेबांनी इंजिनाच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत अख्खा एक्झॉस्ट बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "एफआय आहे, आपोआप ॲडजस्ट होतं." पंधरा दिवसांत गाडी उतारावर फटाके फोडायला लागली, मध्येच अडखळायला लागली, मीटरवर पिवळा दिवा लागला. दुसऱ्या दुकानात गेला. तिथला म्हणाला, "रीमॅप केल्याशिवाय कुठलाच सायलेन्सर चालत नाही, इंजिन बसेल." आणि वर एक आकडा सांगितला. तो ऐकून बहिणीने मला विचारलं, "दादा, यातलं खरं कोण बोलतंय?"

माझं स्पष्ट मत आहे, की दोघंही अर्धं खरं बोलतात, आणि दोघंही आपापल्या गल्ल्याला सोयीचं तेवढंच अर्धं निवडतात.

आता जरा यंत्राकडे बघू. आरएक्स १०० च्या जमान्यातल्या मंडळींना आठवत असेल, टू-स्ट्रोकला सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच अवयव. त्याच्या पोटातून उलटी येणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. तिथे सायलेन्सर बदलला की जेट बदलणं आलंच. 'सायलेन्सर बदलला की सेटिंग' हा समज त्या काळात घट्ट झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, रोजच्या वापरातल्या गाड्यांचेही कार्ब्युरेटर गेले. समज मात्र तसाच राहिला.

इंजेक्शनच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. आत किती हवा गेली हे तो सहसा थेट मोजत नाही. थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती फिरतंय, हवेचा दाब किती, यावरून कारखान्यात भरलेल्या तक्त्यात बघून तो पेट्रोल सोडतो. मग एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, जळून ऑक्सिजन उरला की नाही. उरला तर पेट्रोल वाढव, नाही तर कमी कर. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला साडेतेरा पटींच्या आसपास. सेन्सरला हे आकडे माहीत नसतात, त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो. म्हणून तो दोन्हीकडे सांभाळून घेतो.

म्हणजे "आपोआप ॲडजस्ट होतं" हे खरं? हो, पण शांतपणे चालवताना. थ्रॉटल पूर्ण पिळला की साधारणपणे संगणक सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि पुन्हा तक्त्यावर जातो. आणि तो तक्ता जुन्या पाइपासाठी लिहिलेला असतो! नव्या पाइपामुळे हवा जास्त आत जात असेल, तर नेमकं जोर लावताना पेट्रोल कमी पडतं.

इथे एक हुशार पुतण्या म्हणाला, "काका, महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर हवा किती विरळ असते, तिथे गाडी जुळवून घेते ना? मग सायलेन्सरचं काय घेऊन बसलात?" उत्तर सोपं आहे. हवेचा दाब ओळखायला गाडीत सेन्सर आहे. तुम्ही सायलेन्सर बदललात हे ओळखायला नाही.

तेव्हा माझ्या मते हिशोब असा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवून फक्त मागचा डबा बदलला आणि एअर फिल्टर मूळचाच असेल, तर बहुतेक वेळा रीमॅपची गरज नसते. फरक मुख्यतः आवाजात पडतो. अख्खा एक्झॉस्ट बदलला किंवा जोडीला मोकळा एअर फिल्टर लावला, तर ट्यूनिंग हवंच, आणि तेही डायनोवर, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजून. कानाने ऐकून 'सेट' करणारा माणूस ट्यूनिंग करत नाही, अंदाज विकतो. आणि 'फक्त डबाच बदलला' म्हणणाऱ्यांनीही एकदा खात्री करावी. कन्व्हर्टर काही गाड्यांत बेंड पाइपात असतो, काहींत डब्याच्याच पोटात.

आता भाच्याच्या गाडीचं सांगतो. मी आणि तो एका रविवारी सकाळी पाइप गार असताना गाडीपाशी बसलो. सेन्सरची वायर नव्या पाइपाला टेकून वितळली होती. हेडच्या तोंडाशी जुनंच, दबलेलं गॅस्केट परत बसवलेलं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि उतारावर उरलेलं पेट्रोल त्या हवेत पेटून फटाके वाजत होते. म्हणजे रीमॅपचे पैसे भरले असते तरी दोष जिथल्या तिथे! वायर दुरुस्त केली, नवं गॅस्केट टाकलं. दिवा गेला, फटाके जवळजवळ थांबले. खर्च काही शेकड्यांत.

मग खंबाटकी चढून, सुरूरवरून वाईला जाऊन पसरणी घाटात गाडी पूर्ण पिळली. तिथे ती अजूनही पोकळ वाटत होती. (हे माझ्या मनगटाला जाणवलेलं, मोजलेलं नव्हे.) म्हणजे दुसऱ्या दुकानदाराचं अर्धं खरंही तिथे सापडलं.

मग रीमॅप करावा का? मी म्हटलं, नको. आणि इथूनच घरातला खरा वाद सुरू झाला.

भाचा म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणता अख्ख्या सिस्टिमला ट्यूनिंग लागतं." लागतंच. पण ट्यूनिंगने इंजिन सुखी होतं, शेजारी नाही. काढून टाकलेला कन्व्हर्टर कुठल्याही रीमॅपने परत येत नाही. २००५ पासून १७५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकीला ८० डेसिबलची मर्यादा लागू झाली. त्या पाइपात ती पाळायला काहीच उरलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण दंडाचं सोडा. आमच्या शेजारी तीन महिन्यांचं बाळ आहे. भाचा रात्री साडेदहाला आला की ते दचकून उठतं. त्याची आई आमच्याकडे येऊन काही बोलत नाही, कारण गावात नातं सांभाळायचं असतं. तिच्या न बोलण्याला आम्ही संमती समजत होतो, याची मला लाज वाटते.

"आवाज मोठा असला की अपघात टळतो" हेही ऐकवलं गेलं. सायलेन्सरचं तोंड मागे असतं; समोरून येणाऱ्या बंद काचांच्या ट्रकवाल्याला तो आवाज कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. हेल्मेट, चांगले टायर आणि चालू दिवे यांवर भिशी खर्च झाली असती तर मी एक शब्द बोललो नसतो.

असो. मूळ सायलेन्सर माळ्यावरच होता, तो परत बसवला. नवा निम्म्या किमतीत द्यायलाही मन होईना; आपल्या दारातली कटकट दुसऱ्याच्या दारात पाठवायची, एवढंच झालं असतं. सध्या तो माळ्यावर आहे. भाचा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. परवा आला, म्हणाला, "मामा, घाटात मिड-रेंजला आता बरी ओढते." मी काही म्हटलं नाही.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात: काय काढणार, आणि काय मोजणार? दुसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल, तर पहिल्याला हात लावू देऊ नये.

ता. क. भिशीचे पैसे भाचा दरमहा थोडे थोडे फेडतोय. पहिला हप्ता मिळाला, असं ताईने कळवलंय.