न मागितलेल्या कार्यक्रमांची कैफियत

संपादक महाशय,

ओटीटीमुळे प्रेक्षक वेळापत्रकाच्या दास्यातून मुक्त झाला आणि कार्यक्रमांची निवड सर्वस्वी त्याच्या हाती आली, असा जो अभिप्राय आपल्या गेल्या अंकातील लेखात व्यक्त झाला आहे, त्याचा पूर्वार्ध मला मान्य असला, तरी उत्तरार्ध तपासल्यावाचून स्वीकारण्यासारखा नाही.

सायंकाळच्या मालिकेच्या वेळी जिचे हात कणकेत असत, आणि जिला कथानक पडद्यावरून नव्हे तर पडद्यासमोर बसलेल्यांच्या उद्गारांवरून जुळवून घ्यावे लागे, त्या गृहिणीला तोच भाग रात्री अकरा वाजता स्वस्थपणे पाहता यावा, हा लाभ सामान्य नव्हे. 2016 साली नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ येथे आले, त्याच वर्षी जिओने इंटरनेट स्वस्त केले, आणि ही सोय खेडोपाडी पोहोचली. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘निवड’ या दाव्याविषयी. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यानंतर दीर्घकाळ घराघरांत एकाच वाहिनीची, म्हणजे पर्यायाने सरकारची, मुखत्यारी होती, आणि आणीबाणीत ती कोणाच्या सेवेस लागली हे सर्वश्रुत आहे. तथापि ती मुखत्यारी उघड होती: ‘साप्ताहिकी’त पुढील आठवड्याचे कार्यक्रम जाहीर होत, वर्तमानपत्रांत ते छापले जात, आणि एखादा न रुचल्यास त्याविरुद्ध पत्र लिहिणाऱ्याला शेजाऱ्यानेही तोच कार्यक्रम पाहिला असल्याची खात्री असे. शिवाय, पुढच्या करमणुकीची वाट पाहत बसलेल्या गिरगावातील कारकुनाच्या कानी ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीविषयक कार्यक्रमातून ज्वारीवरील काणीचा बंदोबस्त पडे, जो त्याने आयुष्यात कधी मागितला नसता. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमामुळे ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे उभी राहिली, त्या मंडळांची मागणी कार्यक्रमापूर्वी कोणी नोंदविली नव्हती, कार्यक्रम पाहिल्यावर ती उत्पन्न झाली.

आजच्या पडद्यावर प्रथम कोणते चित्र यावे, हे ठरविणारा अदृश्य कारकून कंपनीच्या दप्तरात बसलेला असून, काल आपण काय पाहिले एवढ्याच दाखल्यावर तो आजचे ताट वाढतो. एक खुनाची कथा पाहिली की दुसऱ्या दिवशी रांगेने खूनच मांडलेले असतात. आणि एक भाग संपताच, आपण नकार देण्याच्या आत, काही सेकंदांत पुढचा सुरू होतो, त्याला ‘मागणीनुसार’ म्हणणे हे धारिष्ट्याचे आहे. एकाच घरातील सासऱ्याचा आणि सुनेचा पडदा निराळा असल्यामुळे, कोणाला काय दाखविले गेले नाही याचा पत्ता दोघांनाही लागत नाही.

शोधण्याची सोय आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे; परंतु शोधावयाचे तर नाव आधी ठाऊक असावे लागते, आणि ज्याचे नावच कानी पडले नाही ते कोण कसे शोधणार? नाव ठाऊक असूनही काय होते, ते सांगतो. एका ॲपवर मी एक जुना मराठी चित्रपट देवनागरीत शोधला, तेव्हा काही सापडले नाही असे उत्तर आले. नातवाने तेच नाव रोमन लिपीत, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’ घालून लिहिले, तेव्हा तो निमूटपणे बाहेर आला.

2021 सालच्या माहिती-तंत्रज्ञान नियमांन्वये या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. एखाद्या दृश्याविरुद्ध त्याच्याकडे दाद मागता येते; कार्यक्रमांच्या मांडणीविरुद्ध मात्र कोणाकडे जावे, याचा त्या नियमांत मागमूस नाही. तेव्हा प्रत्येक ॲपने सर्व ग्राहकांना सारखीच दिसणारी, भाषावार आणि तारीखवार संपूर्ण यादी प्रसिद्ध करावी, आणि कराराची मुदत संपून जे चित्रपट एका रात्रीत नाहीसे होतात त्यांची आगाऊ सूचना द्यावी, अशी सक्ती का असू नये?

प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वेव्ह्ज’ हे स्वतःचे ॲप काढले आहे, त्यामुळे आरंभ तिनेच करणे उचित होईल. मुंबई केंद्राच्या संग्रहातील कोणत्या फिती शिल्लक आहेत व कोणत्या नष्ट झाल्या, याची सूची तिने प्रथम जाहीर करावी. आणि त्यांतील एक कार्यक्रम रोज ठरावीक वेळी, कोणी मागितला असो वा नसो, सर्वांच्या पडद्यावर सर्वांत वर ठेवावा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा